भेदरं का धरली नाहीत

आधीच सांगून टाकते: मोठ्या आईच्या वाडीतली टमाट्याची झाडं माझ्यामुळे वाया गेली. इथं लिहिताना हे सोपं वाटतं. ज्या अंगणात ते म्हणायला हवं होतं, तिथं म्हणायला मला अकरा दिवस लागले. ते अकरा दिवस दुसरीच एक बाई खोटारडी ठरून वावरत होती.

मोठी आई म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. घाटंजीपासून अर्ध्या तासावरच्या एका गावात तिचं घर आहे. दसऱ्यानंतर तिच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं होतं, दिवाळीनंतर दुसऱ्याचं. त्यानंतर वाकायचं नाही, चुलीपाशी बसायचं नाही, धुळीत जायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मोठे बाबा कापसात अडकलेले, त्यांची दोन्ही मुलं पुण्याला. माझं काम लॅपटॉपवरचं, कुठूनही होणारं. म्हणून घरच्यांनी मला यवतमाळहून तिकडे पाठवलं. मी हो म्हटलं, कारण नाही म्हणायचं तर जास्त बोलावं लागलं असतं.

मी इंग्रजी शाळेत शिकले. गावात माझं मराठी ऐकून बाया हसायच्या. वाईट नाही हसायच्या. “पोट्टी पुस्तकासारखी बोलते वो,” एवढंच. पण मला तेवढंही पुरायचं. मी ओसरीतल्या टेबलाशी बसून कमी बोलायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना पाहत राहायचे.

घरामागे वाडी होती. मोठी आई टमाट्यांना भेदरं म्हणते. दरवर्षी पाच ओळी, एका ओळीत आठ झाडं. लहान, आंबट, पातळ सालीची. बाजारातल्या कडक टमाट्यांना ती ‘प्लास्टिक’ म्हणते आणि घरात येऊ देत नाही. त्या वर्षी तिला नीट दिसत नव्हतं, म्हणून रोपं मावशींनी लावली.

मावशी वीस वर्षांपासून त्या घरी कामाला येत होत्या. निंदण, वेचणी, सगळं करायच्या, पण त्यांचं नाव होतं ते भाजीपाल्यासाठी. मोहल्ल्यातल्या सात-आठ घरांच्या वाड्या त्याच पाहायच्या. मिरचीला काय झालं, वांग्याला अळी का लागली, तर त्यांना बोलावणं यायचं. “तिच्या हातानं लावलं का लागतेच,” असं बाया म्हणायच्या. माझ्या मोबाईलला मावशी ‘गुरुजी’ म्हणत. सकाळी वाडीत शिरतानाच विचारायच्या, “विचारा बरं ताई गुरुजीले, आज पाणी देऊ का राहू देऊ?”

मोठी आई पहिल्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात होती, तेव्हा मी घर आवरायला घेतलं. तिला आल्यावर बरं वाटावं म्हणून. मागच्या टिनाच्या खोलीत पाठीवर घ्यायचे दोन फवारणीचे पंप होते. दोन्ही निळे, सारखेच. एकाच्या दांड्याला जुन्या लुगड्याची लाल चिंधी बांधलेली होती, काळी पडलेली, उग्र वासाची. मला ती घाण वाटली. मी ती कात्रीने कापून काढली आणि दोन्ही पंप साबणाने घासून उन्हात पालथे घातले. चिंधी फेकून द्यायचंही माझ्या जिवावर आलं. तीही धुतली आणि टमाट्याच्या दुसऱ्या ओळीतल्या एका वाकलेल्या झाडाला काडीचा आधार देऊन बांधली. किती नीटनेटकी मी, असं वाटलं होतं, ते आठवतं.

दिवाळीनंतर पानांखाली पांढऱ्या माशा दिसायला लागल्या. मावशी निंबोळीचा अर्क घेऊन आल्या. मोठी आई दुसऱ्या डोळ्याच्या तपासणीला गेली होती. मी ओसरीत ऑफिसच्या मीटिंगमध्ये होते. मावशींनी टिनाच्या खोलीच्या दारातून विचारलं, “ताई, यातला कोणता पंप घेऊ?”

मी एका कानातला इयरफोन काढला. “कोणताही घ्या मावशी. दोन्ही साबणाने धुतलेत.”

त्या थोड्या थांबल्या. “चांगले धुतले ना?”

“हो, हो. चांगले.”

मला वाटलं, त्या उगाच विचारताहेत. मी पुन्हा स्क्रीनकडे वळले. चार ओळी झाल्यावर पंप संपला. शेवटची ओळ राहू द्या, उद्या पाहू, म्हणून मावशी गेल्या. ती ओळ मग राहूनच गेली.

आठवड्याभरात शेंडे वळायला लागले. नवी पानं निघायची ती अरुंद, लांब, दोऱ्यासारखी. देठ वातीसारखे पिळवटलेले. फुलं यायची, पण देठाशी पिवळी पडून टपटप गळायची. एकाही झाडाला भेदरं धरेना.

आणि इथून माझे चांगले दिवस सुरू झाले, हे लिहिताना कसंतरी होतं. त्या घरात पहिल्यांदाच माझ्याकडे काहीतरी काम होतं. मी फोटो काढायचे, मोबाईलवर शोधायचे आणि रात्रीच्या जेवणाला मोठ्या आईला सांगायचे. आधी सांगितलं, शेणखत जास्त झालं, म्हणून पानंच वाढतात. खत बंद केलं. मग सांगितलं, पाणी चुकतंय. पाणी एक दिवसाआड केलं. मग वाचलं की फुलांना हलवावं लागतं, तर रोज सकाळी एकेका फुलाला बोटाने टिचकी मारायला लागले. मावशी विळा खाली टाकून हसल्या.

“अव माय! टिचक्या मारून कोणाले पोरं झाले काय वो ताई?”

मोठी आई ओसरीतून काळ्या चष्म्याआडून म्हणाली, “करू दे तिले. शिकलेली हाये. तुह्याकडून काय झालं इतक्या दिसात?”

ते ऐकून मला आनंद झाला. मावशींचा चेहरा मला दिसला होता, तरीही झाला.

मग अंड्यांची टरफलं कुटून घातली. मग विषाणू असावा असं ठरवून दोन झाडं उपटून जाळली. मोठी आई म्हणत होती, “बोकड्या हाये, पानं गुंडाळले का बोकड्याच. राख मार.” राखही मारली. शेवटची ओळ मात्र हिरवीगार होती, घोसांनी लगडलेली. ते मी पाहिलं नव्हतं असं नाही. तिथं तुरीची सावली पडते, त्याने फरक पडत असेल, अशी मी माझी समजूत करून घेतली. मावशी मात्र त्या ओळीपाशी बराच वेळ उकिडव्या बसून राहायच्या, एकदा या ओळीकडे आणि एकदा त्या ओळीकडे पाहत.

एका बाजाराच्या दिवशी मी घाटंजीला गेले. मोठ्या बाबांनी पंपाचं गळकं नोझल दुरुस्तीसाठी माझ्याजवळ दिलं होतं, आणि पिशवीत मी वळलेली पानं घेतली होती. कृषी केंद्रात दाखवायचा विचार होता. पण तिथं काउंटरवर पुरुषांची गर्दी, सगळे मोठ्याने बोलत होते. मी पायरीवरूनच परत फिरले. नोझल दुरुस्त करणारे चाचा दोन दुकानं सोडून बसायचे. त्यांच्याकडे नोझल देताना त्यांना पिशवी दिसली.

“काय आणलं बेटा? दाखव बरं.”

त्यांनी एक पान बोटांवर ताणून पाहिलं आणि नाकाशी नेलं, जणू वासाने ओळखणार होते.

“ही बीमारी नोहे. बीमारी असती तर आज एक झाड, उद्या दोन, असं चालते. तुमच्या सगळ्या झाडांचे शेंडे एकाच टायमाले वळले असन?”

“हो. एक ओळ सोडून.”

“त्या ओळीले फवारलं नसन.”

माझ्या महिन्याभराच्या शोधाला जे दिसलं नव्हतं, ते त्यांना पिशवीतल्या पानावरून दिसलं.

“गवत जाळाचं औषध हाये हे,” ते म्हणाले. “धुऱ्यावर, बांधावर मारते ना, ते. भेदऱ्याले त्याचा थेंब चालत नाही. कोणी तरी पंप बदलला. अन् पंप कितीबी धुवा, रबरात, नळीत राहूनच जाते. म्हणून तर लोक अलग पंप ठेवते.”

कोणी तरी पंप बदलला. हे ऐकूनही मला काही सुचलं नाही, हे शपथेवर सांगू शकते. मला चिंधी आठवली नाही. मला फक्त उत्तर मिळाल्याचा आनंद होता. बसमध्ये मी वाक्यं जुळवत आले, घरी गेल्यावर कसं सांगायचं त्याची.

अंगणात मोठी आई बाजेवर बसली होती. शेजारच्या काकू विरजण मागायला आल्या होत्या. मावशी सरकीच्या पोत्याला टाका घालत होत्या. मी चप्पल काढायच्या आधीच सांगून टाकलं: विषाणू नाही, खत नाही, तणनाशकाचा पंप वापरला गेलाय.

मोठी आई मावशींकडे वळली. “काहून वो? तू फवारलं होतं ना?”

“मीच फवारलं.”

“अन् पंप कोणता घेतला? लाल चिंधी बांधून ठेवली होती मी त्या पंपाले. गवताचा पंप हाये म्हणून. आंधळ्यालेही समजते!”

तेव्हा मला समजलं.

“चिंधी नव्हती त्याले,” मावशी म्हणाल्या.

“नव्हती? पाच सालापासून हाये ती चिंधी. उडून गेली काय?”

“नव्हती, बाई. कायले खोटं बोलू मी?”

“चुकलं तर चुकलं म्हण ना! खोटं कायले बोलतं? वीस सालात अशी नव्हती तू.” मोठ्या आईचा आवाज चढला होता. रस्त्यावरच्या हापशीवर पाणी भरणाऱ्या बाया थांबून पाहायला लागल्या. “महिनाभर हे पोट्टी जीव काढून राह्यली त्या झाडांसाठी, अन् तू पाहत बसली, मुकाट्यानं!”

शेजारच्या काकू म्हणाल्या, “बाप्पा! माह्या वांग्यालेही हिनंच फवारलं ना परवा.”

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता त्या म्हणतील, ताईले विचारा, मी ताईले विचारलं होतं. त्या नुसत्या पाहत राहिल्या. मी हातातल्या मोबाईलकडे पाहिलं. स्क्रीन बंद होती. बंद स्क्रीनवर मी अंगठा फिरवत राहिले.

मावशींनी सुई पोत्यात खोचली आणि वाडीच्या बाजूने निघून गेल्या.

तेवढ्यावर थांबलं असतं तरी माझ्याकडे काही सबबी उरल्या असत्या. घाबरले, सुचलं नाही. पण संध्याकाळी मी वाडीत गेले. दुसऱ्या ओळीतल्या त्या झाडाला लाल चिंधी तशीच बांधलेली होती, अंगणातूनही दिसावी अशी. कोणी तिकडे पाहिलं नव्हतं, मोठ्या आईला तर दिसणारच नव्हतं. मी गाठ सोडली. घरात आले आणि पाणी तापवायच्या चुलीत ती घातली. लुगड्याचं जुनं सूत, लगेच जळलं. झाड आधार सुटून मातीवर आडवं झालं, ते मी तसंच राहू दिलं.

दुसऱ्या दिवसापासून मावशी आल्या नाहीत. मोठी आई म्हणाली, “लाजली असन. येईन चार दिसानं.” शेजारच्या काकूंनी वांग्यांसाठी दुसऱ्या गावच्या माणसाला बोलावलं. हापशीवर मी एका बाईला म्हणताना ऐकलं, “चुकते माणूस, पण खोटं बोलणं म्हणजे...” पुढचं तिने पाण्याच्या आवाजात गिळलं. मावशी मोहल्ल्यात दिसायच्या त्या फक्त सकाळी, वेचणीच्या ऑटोत चढताना. सगळ्या बाया दाटीवाटीने बसलेल्या, आणि त्या कडेला पाय बाहेर सोडून.

मी रोज ठरवायचे की आज सांगते. मोठ्या आईच्या डोळ्यांत थेंब टाकताना अगदी तोंडाशी यायचं. ती डोळे मिटून, मान वर करून, विश्वासाने पडलेली असायची, आणि मी थेंब मोजायचे. एकदा तिने फोनवर पुण्याच्या मुलाला सांगितलं, “तुह्या बहिणीनंच शोधून काढलं बरं, नाही तर आम्ही राखच मारत बसलो असतो.” मी उठून स्वयंपाकघरात गेले.

दहाव्या दिवशी शेवटच्या ओळीतली भेदरं तोडली, पिशवीत भरली आणि मावशींच्या घरी गेले. त्या दारात बसून तुरीच्या शेंगा सोलत होत्या. मी पिशवी पुढे केली.

“हे मीच लावले होते ना ताई?” त्या म्हणाल्या. “माह्येच मलेच आणून दिले?”

मी उभ्याउभ्याच बोलले. “चिंधी मी काढली होती. पंप धुताना. मला माहीत नव्हतं कशाची आहे.”

त्यांनी हातातली शेंग सोलून पूर्ण केली. “मालूम हाये. रोज दिसे, पण धुतलेली, ध्यानात नाही आलं. त्या दिवशी वाडीतून जातानी ओळखली मी. झाडाले बांधली होती तुम्ही.”

“मग तुम्ही का नाही सांगितलं?”

“मी सांगतलं असतं तर म्हटलं असतं, हिनंच सोडून बांधली. तुम्ही सांगसान म्हणून वाट पाह्यली. आज नाही तर उद्या. चिंधी तर हाये ना जागेवर, म्हटलं.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “हाये ना?”

मी नाही म्हणून मान हलवली. “जाळली.”

घरात कोणीतरी भांडं खाली ठेवलं. मग त्या म्हणाल्या, “इंग्रजी शाळेत हेही शिकवते काय?”

त्यांच्या बोलण्यात राग असता तर मला बरं वाटलं असतं. त्यांना खरंच आश्चर्य वाटलं होतं. मी रडायला लागले, तेही चुकीचंच होतं, कारण आता मला गप्प करणं त्यांच्यावर आलं. त्यांनी ते केलं नाही. शेंगा सोलत राहिल्या.

“मले सांगून काय फायदा?” शेवटी म्हणाल्या. “मले तर मालूमच हाये. जिथं मले खोटी म्हटलं, तिथं सांग.”

दुसऱ्या दिवशी सकाळी वेचणीला जाण्याआधी त्या अंगणात आल्या. हातात डबा, डोक्याला दुपट्टा गुंडाळलेला. मोठी आई बाजेवर होती. मी बाजेच्या दांडीला धरून सगळं सांगितलं. चिंधी काढल्याचं, पंपाबद्दल त्यांनी विचारल्याचं, मी कोणताही घ्या म्हटल्याचं, जाळल्याचं. माझा आवाज मलाच नीट ऐकू येत नव्हता.

मोठ्या आईने काळा चष्मा काढला. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच तिचे डोळे असे उघडे माझ्याकडे लागलेले मी पाहिले. मग तिने दाराकडे पाहिलं, रस्त्यावर कोण आहे ते. “बरं बरं, झालं,” ती हळू आवाजात म्हणाली. “लहान हाये, तिले काय समजते. जाऊ दे वो आता. उद्यापासून ये तू.”

मी चोवीस वर्षांची होते.

“मले खोटी म्हणतानी तुमचा आवाज हापशीपर्यंत गेलता, बाई,” मावशी म्हणाल्या. “आता काहून हळू बोलून राह्यल्या?”

मोठ्या आईचे ओठ दाबले गेले होते. तिने चष्मा पुन्हा लावला. मला कळलं की ती बोलणार नाही, वीस वर्षं घरी कामाला येणाऱ्या बाईसमोर नाही आणि माझ्यासाठी तर नाहीच. आणि हेही कळलं की बोलायचं काम तिचं नव्हतंच.

मी फाटकापाशी गेले. हापशीवर चार-पाच बाया होत्या, त्यांत शेजारच्या काकू. मी म्हटलं, “काकू, पंपाची चिंधी मी काढली होती. मावशी खरं बोलत होत्या.”

काकूंनी दांडा थांबवला. “काय म्हणते वो ते पोट्टी? आयकू नाही आलं.”

पुन्हा म्हणावं लागलं. दुसऱ्यांदा मी ओरडल्यासारखंच बोलले, आणि माझं ते पुस्तकी मराठी पुऱ्या रस्त्यावर वाजलं. “चिंधी मी काढली. पंपही कोणताही घ्या, असं मीच सांगितलं. आणि नंतर चिंधी जाळली.”

“जाळली?” एक बाई म्हणाली. कोणी हसलं नाही. सगळ्या माझ्याकडे पाहत होत्या, अगदी मी ओसरीतून त्यांना पाहायचे तशा.

मागून मावशी फाटकातून बाहेर पडल्या. मोठी आई आतून म्हणाली, “येशीन ना वो उद्यापासून?”

“कापसात येतो,” मावशी न थांबताच म्हणाल्या. “वाडीत नाही. तुमच्या पंपाले मी हात नाही लावत.”

ऑटो आला होता. काकूंनी घागर तशीच हापशीखाली सोडली आणि मावशींच्या मागे गेल्या. वांग्याबद्दल काहीतरी विचारत होत्या, त्या माणसाने फवारल्यावर पानं करपली म्हणून. मावशींनी काय उत्तर दिलं ते मला ऐकू आलं नाही. या वेळी बायांनी सरकून त्यांना आत जागा दिली, एवढं दिसलं.

मी परत आले तेव्हा मोठी आई बाजेवर नव्हती. आत भांड्यांचा आवाज येत होता, चुलीपाशी बसायची तिला मनाई होती तरी. मी दारात उभी राहिले. तिने वळून पाहिलं नाही.

“ते झाडं उपटून टाक,” ती म्हणाली. “त्याले आता काही धरत नाही. अन् कोणी खाऊही नये.”

मी वाडीत गेले. तीस झाडं होती. मुळं इतकी घट्ट होती की प्रत्येकाला दोन्ही हात लावावे लागले.